अफेक्ट की इफेक्ट? नौपाड्यातील रविवारच्या एका वर्गाविषयी

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्यापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दर रविवारी सकाळी प्रौढांसाठी इंग्रजी लेखनाचा वर्ग भरतो. त्याला स्वतंत्र नाव नाही. जिन्यापाशी चिकटवलेल्या कागदावर 'इंग्रजी लेखन, नोकरदारांसाठी' एवढेच लिहिलेले आहे. येथे इंग्रजी बोलायला शिकवत नाहीत, मुलाखतीची तयारी करून घेत नाहीत आणि व्याकरणाचा श्रीगणेशाही करत नाहीत. एकमेकांसारखे दिसणारे किंवा ऐकू येणारे शब्द, हमखास चुकणारी स्पेलिंगे आणि मराठीतून विचार करताना वाकडी होणारी वाक्ये, एवढाच या वर्गाचा विषय आहे. अभ्यासक्रम आठ रविवारांचा, प्रत्येक वर्ग दोन तासांचा आणि शुल्क ४,८०० रुपये. त्यात झेरॉक्स केलेली एक पुस्तिका मिळते. वागळे इस्टेटमधील एका कंपनीच्या प्रशासन विभागात मी काम करते आणि पत्रे, परिपत्रके व निविदांचे मसुदे दिवसभर माझ्या डोळ्यांखालून जातात, त्यामुळे हा वर्ग माझ्याच गरजेचा असल्यासारखा वाटला. पूर्ण अभ्यासक्रम केल्यानंतरचे माझे मत असे की, तो जेथे मराठी माणसाचे कान आणि मराठी वाक्यरचना समोर ठेवून शिकवतो तेथे उत्तम आहे आणि जेथे परदेशी याद्या जशाच्या तशा उचलतो तेथे वेळ वाया घालवतो.

पहिल्याच तासाला वर्ग घेणाऱ्या मॅडमनी फळ्यावर एका गृहनिर्माण संस्थेच्या सूचनेतील वाक्य लिहिले. ठाण्यात पाणीपुरवठा बंद राहण्याच्या सूचना कोणाला नव्या नाहीत; त्या वाक्यात शुक्रवारी पाणीपुरवठा 'विल बी इफेक्टेड' असे म्हटले होते. वर्गातील बहुतेकांना त्यात काहीच खटकले नाही. 'अफेक्ट' म्हणजे परिणाम करणे आणि 'इफेक्ट' म्हणजे परिणाम, एवढे पाठांतर सर्वांचे झालेले होते. परंतु 'इफेक्ट' हे क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो, हे मॅडमनी सांगितल्यावर वाक्य एकदम उलटे झाले. पाणीपुरवठ्यावर परिणाम होईल, असे सचिवांना सांगायचे होते आणि कागदावर उमटले ते 'शुक्रवारी पाणीपुरवठा केला जाईल'. इंग्रजी नीट जाणणारा सभासद ती सूचना वाचून बादल्या न भरता निर्धास्त झोपला असता. 'नाम असेल तर ई, क्रियापद असेल तर ए' ही सोपी खूण शाळेत सगळ्यांनाच सांगतात. ती कोठे तुटते हे दाखवणारे शिक्षक मी फार कमी पाहिले आहेत.

आता फोन आणि संगणक चुका स्वतःच दुरुस्त करतात, मग असल्या वर्गाला पैसे कशाला द्यायचे, असा प्रश्न मला घरी आणि कार्यालयातही विचारला गेला. वरचे वाक्य हेच त्याचे उत्तर आहे. 'इफेक्टेड' हा शब्द कोशात आहे, त्याचे स्पेलिंग बरोबर आहे आणि व्याकरणाच्या दृष्टीनेही वाक्य निर्दोष आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हे यंत्राला कळण्याचे कारण नाही. जोडीतील दोन्ही शब्द स्वतंत्रपणे शुद्ध असतात, म्हणूनच हा गोंधळ इतका चिवट ठरतो. एका अक्षराची किंमत किती असू शकते हे सांगण्यासाठी मॅडमनी ब्रिटनमधील एका खटल्याचा दाखला दिला, तो येथे नोंदवण्याजोगा आहे. २००९ मध्ये तेथील कंपनी नोंदणी कार्यालयाने एक कंपनी गुंडाळली जात असल्याची नोंद चुकून दुसऱ्याच कंपनीच्या नावापुढे केली, कारण दोन्ही नावांत शेवटच्या एका 'एस' अक्षराचाच फरक होता. कार्डिफमधील अडीचशेहून अधिक कामगार असलेली ती जुनी अभियांत्रिकी कंपनी त्या नोंदीमुळे बुडाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरले. वर्गात लेखापालांची संख्या बरीच होती. ही हकिगत ऐकताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

या वर्गाचा सर्वांत सकस भाग उच्चारांतून होणाऱ्या गोंधळाचा आहे. मॅडमनी फळ्यावर देवनागरीत 'वेस्ट' हा एकच शब्द लिहिला आणि त्याची इंग्रजी स्पेलिंगे विचारली. ठाणे वेस्टमधला पश्चिम दिशेचा वेस्ट, गंजीफ्रॉकचा वेस्ट, कचऱ्याचा वेस्ट आणि कमरेचा वेस्ट असे चार वेगळे शब्द निघाले. त्यांपैकी कचरा आणि कंबर यांचे उच्चार खुद्द इंग्रजांच्या तोंडीही सारखेच असतात, त्यामुळे तेथे त्यांचीही गफलत होऊ शकते. बाकीच्या शब्दांत इंग्रजी कानाला स्पष्ट फरक ऐकू येतो, तो आपल्याला येत नाही, आणि त्याची कारणे दोन. एक म्हणजे, ओठ दातांना टेकवून काढायचा 'व्ही' आणि ओठांचा चंबू करून काढायचा 'डब्ल्यू' या दोन्हींसाठी मराठीत एकच 'व' आहे. दुसरे म्हणजे, इंग्रजीतील आखूड 'ए' आणि लांबवून 'इ'कडे झुकणारा 'ए' हे दोन्ही स्वर आपण एकाच मात्रेने लिहितो. टेस्ट म्हणजे चाचणीही आणि चवही, पेन म्हणजे लेखणीही आणि वेदनाही, डेट म्हणजे तारीखही आणि कर्जही. उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर पेपर डोसा कागदासारखा पातळ असतो आणि पेपर चिकन मिरी घातलेले असते. देवनागरीत दोन्ही 'पेपर'च. मराठीत लिहिताना त्याने काही बिघडत नाही, पण तेच मेनूकार्ड इंग्रजीत छापताना मिरीची जागा कागदाने घेतली, तर दोष आपल्या लिपीच्या सवयीचा असतो, हे कळल्यावर चूक टाळणे खरोखर सोपे होते. याद्या पाठ करून हे साधत नाही.

'लूज' आणि 'लूस' यांची जोडीही याच तासाला झाली. एक 'ओ' असलेला शब्द हरवण्याचा किंवा गमावण्याचा आणि दोन 'ओ' असलेला सैलपणाचा. पहिल्याच्या शेवटी झकाराकडे जाणारा आवाज आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी स्वच्छ 'स'. आपण दोन्ही ठिकाणी 'लूज' म्हणतो, त्यामुळे हातून दोन 'ओ' सुटतात आणि पार्किंगचे स्टिकर हरवू नका असे बजावणारी सूचना स्टिकर सैल सोडू नका असे सांगू लागते. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' यांत हाच 'स'–'झ' भेद आहे. तेथे तो कानाला पटकन कळतो, म्हणून मॅडमनी पुढील जोड्या त्याच खुंटीला अडकवल्या. सल्ला हे नाम, त्यात 'सी'. सल्ला देणे हे क्रियापद, त्यात 'एस'. ब्रिटिश पद्धतीत 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांचेही तसेच, जरी तेथे उच्चारात फरक नसला तरी. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्याच्या परवान्याचा शब्द 'सी'ने लिहिलेला आहे, तो या नियमाने.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी मराठी वाक्यरचनेतून येणाऱ्या चुका घेतल्या आणि मला त्या सर्वांत उपयोगी वाटल्या, कारण त्या कोणत्याही परदेशी मार्गदर्शकात सापडणार नाहीत. 'मी पाच वर्षांपासून येथे काम करतो' आणि 'मी २०१९ पासून येथे काम करतो' या दोन्ही वाक्यांत आपल्याला एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीला मात्र कालावधी सांगताना 'फॉर' लागतो आणि आरंभबिंदू सांगताना 'सिन्स'. म्हणून आपल्या अर्जांत 'सिन्स फाइव्ह इयर्स' सर्रास आढळते. 'या विषयाबद्दल चर्चा केली' यातील 'बद्दल' उचलून आपण 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' लावतो. 'माझा एक मित्र' हे एकवचन मनात असते, म्हणून 'वन ऑफ माय'नंतर 'फ्रेंड्स' असे अनेकवचन लिहिताना हात अडखळतो. 'हरवणे' या एका क्रियापदात वस्तू गमावणेही येते आणि प्रतिस्पर्ध्याला पराभूत करणेही, इंग्रजीत त्यासाठी दोन निराळी क्रियापदे आहेत. 'मुंबईने दिल्लीला हरवले' याचे भाषांतर करताना एका तरुणाने मुंबईकडून दिल्ली गहाळ करवली तेव्हा वर्ग बराच वेळ हसत होता.

'इट्स'चा उलगडा मात्र मला खास आवडला. इंग्रजी नामाला वर स्वल्पविरामासारखे चिन्ह आणि 'एस' जोडला की 'चा-ची-चे' होते, हे आपण शाळेत इतके पक्के केलेले असते की 'त्याचा' म्हणताना 'इट'लाही ते चिन्ह जोडावेसे वाटते. मॅडमनी विचारले, 'हिज'मध्ये ते चिन्ह घालता का? 'हर्स'मध्ये? 'अवर्स'मध्ये? अशा सर्वनामांना इंग्रजी ते चिन्ह लावत नाही. 'इट'च्या पुढे ते दिसले तर तेथे 'इज' किंवा 'हॅज' आखडलेले आहे असे समजावे. सतराव्या-अठराव्या शतकांत खुद्द इंग्लंडातील छापील मजकुरातही 'त्याचा' या अर्थी ते चिन्ह सर्रास दिसे, हे ऐकून अनेकांना दिलासा मिळाला. निविदा लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक जोडी मोलाची होती: 'ई. जी.' आणि 'आय. ई.'. पहिले 'इग्झेम्प्ली ग्राशिया' या लॅटिन शब्दांचे संक्षेप, म्हणजे 'उदाहरणार्थ'. दुसरे 'इड एस्ट'चे, म्हणजे 'अर्थात'. ओळखपत्रापुढे पहिले लिहिले तर पुढील यादी नमुन्यादाखल असते आणि दुसरे लिहिले तर तीच यादी संपूर्ण ठरते. निविदेत हा फरक पैशांत मोजला जाऊ शकतो.

स्पेलिंगांच्या इतिहासाचा तास थोडा धावता झाला. इंग्रजीत लिहिणे आणि बोलणे यांची फारकत का झाली, हे सांगताना १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे सुरू केलेला छापखाना, त्याच सुमारास सुरू असलेले दीर्घ स्वरांचे मोठे स्थित्यंतर आणि १७५५ मधील सॅम्युएल जॉन्सनचा कोश असा झपाट्याने प्रवास झाला. छपाईने स्पेलिंग गोठवले आणि उच्चार मात्र बदलत राहिले, हे सूत्र तेवढ्यातही कळले. कर्जाच्या 'डेट'मधील मुका 'बी' फ्रेंचमधून आलेल्या शब्दात मुळात नव्हता. लॅटिन 'डेबिटम'ची आठवण म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसवला. 'स्टेशनरी'ची जोडी येथेच समजली. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, ठरावीक जागी बसून ग्रंथ विकणारा तो स्टेशनर. त्याच्याकडील कागद-सामान ते 'ई'वाले आणि जागचे न हलणारे ते 'ए'वाले. दोघांचे मूळ एक असल्याने अर्थावरून स्पेलिंग आठवणार नाही, म्हणून 'पेपर'च्या शेवटी 'ई-आर' आहे तसेच याचेही, ही खूण दिली. या खुणेनंतर ठाणे स्टेशनसमोरून चालणे अवघड झाले आहे. दुकानांच्या फलकांवरील वह्या-पेने बऱ्याच ठिकाणी जागच्या जागी खिळलेली आहेत. 'अकोमोडेशन'मध्ये दोन 'सी' आणि दोन 'एम' का, याचे उत्तर 'ॲड' आणि 'कॉम' हे दोन लॅटिन उपसर्ग एकापुढे एक बसले म्हणून. 'डेफिनिट' लिहिताना पोटात 'फायनाइट' आहे हे आठवावे. 'प्रिन्सिपल'च्या जोडीला मराठीची मदत झाली: 'ए-एल'ने संपणारा शब्द मूळचा 'मुख्य' या अर्थाचा, म्हणून शाळेतील मुख्य व्यक्ती आणि कर्जातील मुख्य रक्कम, म्हणजे मुद्दल, दोन्ही तोच; 'एल-ई'वाला फक्त तत्त्व.

आता तक्रारीकडे वळते. पुस्तिकेची सुमारे अर्धी पाने अशा चुकांवर खर्च झाली आहेत ज्या आपण करतच नाही. 'कुड हॅव'ऐवजी 'कुड ऑफ' लिहिणे, किंवा 'देअर'ची तीन स्पेलिंगे एकमेकांच्या जागी टाकणे, ही प्रामुख्याने इंग्रजी कानाने शिकलेल्यांची दुखणी आहेत. आईच्या मांडीवर भाषा शिकलेला माणूस ऐकलेले लिहितो. आपण ती पाटीवर शिकलो, म्हणून आपल्या चुका वेगळ्या. 'एगकॉर्न' या प्रकारालाही पुस्तिकेत तीन पाने दिली आहेत. ओकच्या फळाला, म्हणजे 'एकॉर्न'ला, 'एग कॉर्न' समजून लिहिणाऱ्या एका स्त्रीच्या उदाहरणावरून २००३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी ऐकलेल्या शब्दाच्या जागी तसाच ऐकू येणारा आणि अर्थ लागणारा दुसरा शब्द लिहिण्याच्या चुकांसाठी हे नाव सुचवले. माहिती रंजक आहे आणि मी ती आवडीने वाचली; पण कळव्याहून लोकलला लोंबकळत आलेल्या ज्या मुलीला सोमवारी माल उशिरा पोचल्याबद्दल ग्राहकाला पत्र लिहायचे आहे, तिला 'बेटेड ब्रेथ'मध्ये, म्हणजे 'श्वास रोखून' या वाक्प्रचारात, 'आय' घालावा की नाही याचा उपयोग शून्य आहे. ती पाने काढून 'पासून', 'बद्दल' आणि 'व' यांचा आणखी सराव दिला असता तर पुस्तिका खरोखर जपून ठेवण्यासारखी झाली असती.

अमेरिकी पद्धतीचा विषयही अर्ध्या तासात उरकला. १८२८ च्या आपल्या कोशातून नोआ वेब्स्टरने 'कलर'मधील 'यू' गाळला आणि 'सेंटर'चा शेवट 'ई-आर' केला, एवढे सांगून मॅडम ब्रिटिश बाजूला परतल्या. वर्गातील निदान तीन-चार जण घोडबंदर रस्त्यावरील किंवा ऐरोलीतील कंपन्यांत अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणारे होते. त्यांच्याकडे 'प्रॅक्टिस' नाम असो वा क्रियापद, 'सी'नेच लिहायचे असते आणि 'लायसन्स' दोन्ही वेळा 'एस'ने. म्हणजे वर शिकवलेला नियम त्यांच्या कचेरीत चूक ठरतो. एका मजकुरात एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी, हा साधा व्यावहारिक सल्ला कोणीतरी विचारल्यावर मिळाला, तो आधीच मिळायला हवा होता.

भारतीय इंग्रजीविषयी मॅडमचा कडकपणा मला पटला नाही. 'प्रीपोन' हा शब्द त्या लाल शाईने खोडतात, वास्तविक ऑक्सफर्डच्या कोशात त्याची नोंद आहे आणि 'पोस्टपोन'च्या उलट अर्थाचा इतका नेटका एकच शब्द इंग्रजीकडे दुसरा नाही. 'रिव्हर्ट'चा मुद्दा निराळा आहे. आपल्याकडे, तसेच सिंगापूर-मलेशियातही, तो 'उत्तर पाठवा' या अर्थाने रूढ आहे, पण लंडनचा वाचक त्याचा अर्थ 'पूर्वस्थितीला जा' असा घेईल. तेथे सावध करणे रास्तच आहे. देशातल्या देशात चालणारे शब्द आणि बाहेर पाठवायच्या पत्रात टाळायचे शब्द अशी विभागणी केली असती तर विद्यार्थ्यांच्या मनात निष्कारण भीती बसली नसती. सरसकट 'हे चूक' म्हटल्याने एक बँक कर्मचारी साधे वाक्यही लिहायला कचरू लागले होते, हे मी शेजारी बसून पाहिले.

सोयींबाबत थोडक्यात. खोलीत पंचवीस माणसे बसतात आणि पंख्याच्या आवाजात मागच्या बाकांवर 'स'–'झ'चा फरक ऐकू येत नाही, म्हणून वेळेआधी पोहोचून पुढे बसावे. दुचाकी लावायला गल्लीत जागा मिळणे कठीण; स्टेशनवरून चालत येणे बरे. चुकलेला तास पुढच्या तुकडीत विनाशुल्क भरून काढता येतो, ही सवलत मात्र मनापासून पाळली जाते. स्वतःच्या कार्यालयातील पत्रे नावे खोडून आणल्यास मॅडम ती तासानंतर थांबून तपासून देतात आणि माझ्या मते शुल्काची निम्मी वसुली तेथेच होते. शाळकरी मुलांनी किंवा संभाषण शिकू इच्छिणाऱ्यांनी येथे येऊ नये. सोसायटीचे सचिव, लेखापाल, निविदा आणि पत्रव्यवहार सांभाळणारे कर्मचारी यांना मी हा वर्ग सुचवेन, पाचपैकी साडेतीन गुण देऊन. पुस्तिका नव्याने लिहिली गेली, तर साडेचार द्यायला माझी हरकत नाही. पुढील तुकडीची नोंदणी त्याच पत्त्यावर, रविवारी वर्ग सुटल्यानंतर होते.